टोकियोची वीस वर्षे आणि भारताचे कर्तव्य

११ जून २०२१ रोजी जपान सरकारने मेंदूच्या कर्करोगावरील एका नव्या औषधाला सशर्त मान्यता दिली. त्या सुमारास भारत करोनाच्या दुसऱ्या लाटेतून नुकता कोठे सावरत होता आणि ‘विषाणू’ हा शब्द उच्चारताच घराघरांत भीतीचे सावट पसरत होते. अशा दिवसांत टोकियोहून आलेल्या त्या वार्तेकडे येथे फारसे कोणाचे लक्ष गेले नसल्यास नवल नाही. परंतु ती वार्ता साधी नव्हती. ज्या औषधाला मान्यता मिळाली, ते रसायन नव्हते आणि किरणोपचाराचे नवे यंत्रही नव्हते. तो होता एक जिवंत, शरीरात वाढणारा विषाणू. माणसाच्या ओठांच्या कडेला पाण्याचे बारीक फोड उठवणाऱ्या हर्पिस विषाणूला प्रयोगशाळेत वळण लावून, टोकियो विद्यापीठातील प्रा. तोमोकी तोदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला कर्करोगावर सोडले होते.

शास्त्रीय जगात हा विषाणू ‘जी-४७-डेल्टा’ या नावाने ओळखला जातो. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन २००१ साली प्रसिद्ध झाले आणि औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली ती २०२१ साली. या दोन तारखांमध्ये वीस वर्षे आहेत. कर्करोगाच्या या नव्या शस्त्राची कथा जेवढी विज्ञानाची आहे, तेवढीच ती एका राष्ट्राच्या चिकाटीची आहे. आणि म्हणूनच भारताने तिचा विचार करणे आवश्यक आहे.

शस्त्र घडले कसे?

विषाणूला स्वतःचे असे घर नसते. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो, तिची यंत्रसामग्री ताब्यात घेतो, आपल्या असंख्य प्रती काढतो आणि अखेर ती पेशी फोडून बाहेर पडतो. निरोगी पेशी मात्र इतक्या सहजासहजी शरण जात नाही. शत्रू आत आल्याची चाहूल लागताच ती स्वतःचे प्रथिननिर्मितीचे काम बंद पाडते, म्हणजे शत्रूलाही कच्चा माल मिळू नये. कर्कपेशीत हीच संरक्षणयंत्रणा बहुधा मोडलेली असते. बेबंद वाढीसाठी तिने शिस्तीचे सारे नियम झुगारलेले असतात आणि त्याबरोबर आपले रक्षणही गमावलेले असते. संशोधकांनी नेमके हेच मर्मस्थान हेरले.

जी-४७-डेल्टा या विषाणूत तीन जनुकीय बदल केलेले आहेत. निरोगी पेशीची संरक्षणयंत्रणा निकामी करणारे जनुक काढून टाकले, त्यामुळे तो निरोगी पेशीत वाढू शकत नाही. जिथे संरक्षण आधीच मोडले आहे अशा कर्कपेशीतच वाढतो. दुसऱ्या बदलाने, स्वतःच्या प्रती काढण्यासाठी लागणारा डीएनएचा कच्चा माल तयार करण्याची त्याची शक्ती काढून घेतली. हा माल सतत विभाजन पावणाऱ्या पेशीतच मुबलक असतो, त्यामुळे तो तेथेच बांधला गेला. तिसरा बदल सर्वांत मार्मिक आहे. हर्पिस विषाणू शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून लपण्यासाठी एका जनुकाचा उपयोग करतो. तेही काढून टाकल्यावर संक्रमित कर्कपेशी प्रतिकारयंत्रणेला स्पष्ट दिसू लागते. म्हणजे विषाणू स्वतः काही पेशी मारतो आणि त्याचबरोबर झोपी गेलेल्या प्रतिकारयंत्रणेला जागेही करतो. आणखी एक सोय अशी की, हर्पिसवर असायक्लोव्हिरसारखे औषध उपलब्ध आहे. हा पाहुणा अनावर झालाच तर त्याला आवरण्याचा उपाय हाताशी असतो.

शंभर वर्षांची वाट

ही कल्पना एका रात्रीत सुचलेली नाही. १९०४ साली जॉर्ज डॉक या अमेरिकी वैद्याने रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली होती. इन्फ्लुएंझासारखा आजार होऊन गेल्यावर तिच्या रक्तातील वाढलेल्या पांढऱ्या पेशी काही काळ लक्षणीय घटल्या होत्या. १९१२ साली इटलीत द पाचे यांनी, रेबीजची लस दिल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गाठ ओसरल्याची नोंद केली. १९७१ साली युगांडातील एका बालकाची गाठ गोवर येऊन गेल्यावर नाहीशी झाल्याचे वृत्त ‘लॅन्सेट’ने छापले. १९७४ साली जपानच्याच असादा यांनी ९० कर्करुग्णांना गालगुंडाचा विषाणू दिला आणि त्यांपैकी ३७ जणांच्या गाठी नाहीशा झाल्याचे अथवा निम्म्याहून अधिक आकसल्याचे नोंदवले.

परंतु नैसर्गिक विषाणू हा बेभरवशाचा मित्र असतो. कधी प्रतिकारयंत्रणा त्याला आधीच गारद करी, तर कधी तोच रुग्णाला गारद करी. विषाणूला मनाजोगे वळण लावण्याची विद्या हाती येईपर्यंत हे क्षेत्र जवळजवळ ओस पडले. १९९१ साली अमेरिकेत रॉबर्ट मार्टुझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जनुक काढून टाकलेला हर्पिस विषाणू मेंदूच्या कर्करोगावर चालतो हे प्राण्यांत दाखवून दिले आणि वाट पुन्हा खुली झाली. तोदो यांनी मार्टुझा आणि सॅम्युएल राबकिन यांच्याबरोबर अमेरिकेत काम केले, ते तंत्र पुढे नेले, आणि मग ते मायदेशी परतले. मानवी रुग्णांवरील पहिली चाचणी २००९ साली जपानमध्ये सुरू झाली. निर्णायक चाचणीही बड्या औषधकंपनीने नव्हे, तर विद्यापीठातील वैद्य-संशोधकांनीच पुढाकार घेऊन केली. कंपनी उत्पादनासाठी व विक्रीसाठी आली, पण ज्ञान विद्यापीठात जन्मले आणि तेथेच वाढले, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

यश किती, मर्यादा किती?

येथे उत्साहाला लगाम घालणे अगत्याचे आहे. जपानमधील मान्यता ज्या चाचणीवर उभी आहे, तिच्यात फक्त १९ रुग्ण होते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत घातक कर्करोगाने ते ग्रस्त होते आणि नेहमीचे उपचार घेऊनही त्यांची गाठ उरली होती किंवा उलटली होती. त्यांच्या मेंदूतील गाठीत सुईने जास्तीत जास्त सहा वेळा हा विषाणू सोडण्यात आला. वर्षभरानंतर त्यांपैकी ८४.२ टक्के रुग्ण हयात होते. तुलनेसाठी जुन्या नोंदींवरून अपेक्षित धरलेले प्रमाण अवघे १५ टक्के होते. आकडा दिपवणारा आहे यात शंका नाही. परंतु तुलनेसाठी रुग्णांचा दुसरा गट या चाचणीत नव्हता आणि उपचारानंतरच्या आयुर्मानाचा मध्यांक सुमारे २० महिने होता. म्हणजे रोग लांबला, हटला असे नव्हे. म्हणूनच जपान सरकारने दिलेली मान्यता सात वर्षांच्या मुदतीची आणि सशर्त ठेवली.

अन्य देशांचा अनुभवही असाच संमिश्र आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगासाठी ‘टी-व्हेक’ हा सुधारित हर्पिस विषाणू मान्य केला. ४३६ रुग्णांच्या चाचणीत दीर्घकाळ टिकणारा गुण आला तो १६.३ टक्के रुग्णांना. तुलनेच्या गटात हे प्रमाण २.१ टक्के होते. ड्यूक विद्यापीठाने पोलिओच्या विषाणूत बदल करून तो मेंदूच्या कर्करोगाच्या ६१ रुग्णांना दिला. तीन वर्षांनंतर त्यांपैकी २१ टक्के हयात होते, तर जुन्या नोंदींतील तशाच रुग्णांत ४ टक्के. थोड्यांना मोठा लाभ आणि बहुतेकांना अल्प किंवा शून्य, असे या विद्येचे आजचे स्वरूप आहे. कोणाला लाभ होईल हे आधी ओळखता येणे, हेच पुढचे खरे आव्हान आहे.

सावधानतेचा आणखी एक धडा लॅटव्हियाने दिला. तेथे ‘रिगव्हिर’ नावाचे विषाणू-औषध २००४ साली नोंदवले गेले आणि देशोदेशीच्या हताश रुग्णांना आकर्षित करीत राहिले. २०१९ साली त्यात सांगितल्यापेक्षा विषाणूंचे प्रमाणच कमी असल्याचे उघड झाले आणि त्याचे वितरण थांबले. आशेचा बाजार मांडणाऱ्यांना सीमा नसतात. घरातील माणूस अंथरुणाला खिळलेला असताना शेत विकून, दागिने मोडून परदेशी चिकित्सालयाच्या दारात उभे राहणारी कुटुंबे भारतातही आहेत. अशा वेळी त्यांना भावनेपेक्षा वस्तुनिष्ठ सल्ल्याची गरज अधिक असते.

गंगा आपली, प्रयोगशाळा कोणाची?

अशी बातमी आली की आपल्या समाजात दोन ठरीव प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, यात नवे ते काय, विषाचे औषध विषच हे तर आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. दुसरी म्हणते, हे श्रीमंत देशांचे खेळ. आपल्याला ते झेपणारे नाहीत. वरवर पाहता या दोन टोकाच्या भूमिका आहेत. प्रत्यक्षात दोन्हींचा परिणाम एकच. दोन्ही हातावर हात ठेवून बसायला शिकवतात.

पूर्वजांच्या प्रज्ञेचा अभिमान रास्त आहे. परंतु काट्याने काटा काढावा ही म्हण ठाऊक असणे आणि विषाणूतील तीन नेमकी जनुके बदलून तो काटा घडवणे, यांत शंभर वर्षांच्या परिश्रमांचे अंतर आहे. गंगेचेच उदाहरण घ्यावे. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू झपाट्याने नष्ट होतात, हे १८९६ साली नोंदवले ते अर्नेस्ट हँकिन या इंग्रज संशोधकाने. पुढे त्याचा संबंध जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंशी जोडला गेला. त्या विषाणूंवर आयुष्यभर काम करणारी ख्यातनाम संस्था मात्र १९२३ साली उभी राहिली ती जॉर्जियातील त्बिलिसी येथे. गंगा आपली, श्रद्धा आपली. निरीक्षण दुसऱ्याचे आणि प्रयोगशाळा तिसऱ्याची! पारतंत्र्याच्या काळात याचे कारण समजू शकते. स्वातंत्र्यानंतर मात्र ते कारण पुरेसे राहत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘किर्लोस्कर’ मासिकातून विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरला, तो नेमक्या याच वृत्तीविरुद्ध. परंपरेचा गौरव हा नव्या कर्तृत्वाचा आरंभ ठरावा, त्याला पर्याय ठरू नये, हे त्या आग्रहाचे मर्म होते.

दुसऱ्या प्रतिक्रियेचे उत्तर तर देशाच्या अनुभवातच आहे. यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या हिपॅटायटिस-बी विषाणूची लस एकेकाळी परदेशातून येत असे आणि सामान्य घराला ती परवडत नसे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली. सुमारे ५० रुपयांत मात्रा मिळू लागली आणि परदेशी कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले. त्याच कथेचा उत्तरार्धही विसरता येणार नाही. २००९ साली ही कंपनी फ्रान्सच्या सनोफीच्या ताब्यात गेली. स्वदेशी उभे करणे हे अर्धे काम असते, ते राखणे हे उरलेले अर्धे.

अलीकडचे उदाहरण मुंबईचे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा हा उपचार येथे त्याच्या जवळपास दशांश खर्चात होऊ लागला. या उपचारात रुग्णाच्या पेशीत नवे जनुक पोहोचवण्याचे काम एक पंगू केलेला विषाणूच करतो. म्हणजे वैद्यकीय दर्जाचे विषाणू घडवण्याचे कौशल्य या भूमीत अवतरलेले आहे. गोवराची लस जगाला पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात आहे, १९५२ पासून विषाणूंचा अभ्यास करणारी आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाही पुण्यातच आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने अस्थिमज्जेच्या कर्करोगावरील ज्या गोवर विषाणूच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले, तोही लसीच्याच कुळातला होता. सामग्री आहे, मनुष्यबळ आहे. हवे आहे ते वीस वर्षे टिकणारे धोरण.

प्राधान्य कशाला?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १४.६ लाख नवे कर्करुग्ण आढळले. त्यांपैकी अनेकजण वैद्याकडे पोहोचतात तेव्हाच रोग हाताबाहेर गेलेला असतो. ज्या देशात तंबाखू आणि गुटख्याने तरुणांची तोंडे कुजत आहेत, तेथे आधी तंबाखू सोडवावी, वेळीच तपासणी करावी, लसीकरण करावे, की विषाणूंच्या जनुकांत फेरफार करीत बसावे?

उत्तर निःसंदिग्ध आहे. प्राण वाचवण्याच्या हिशेबात पहिला मान प्रतिबंधालाच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध सीरमने सिद्ध केलेली देशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. ती प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचणे हे कोणत्याही नव्या औषधापेक्षा मोठे कार्य ठरेल. पण यावरून संशोधन थांबवावे असा निष्कर्ष निघत नाही. कारण रोगही देशपरत्वे भिन्न असतात. मेलॅनोमा हा गोऱ्या कातडीच्या देशांचा मोठा प्रश्न आहे, म्हणून तेथील कंपन्यांनी प्रथम त्यावर औषध काढले. घशाच्या आणि डोक्या-मानेच्या कर्करोगाने ग्रासलेल्या चीनने, अमेरिकेतील एका कंपनीने अर्धवट सोडलेल्या कल्पनेवर काम करून २००५ सालीच ‘एच-१०१’ हा विषाणू मान्य केला. रुग्ण प्रत्यक्षात किती अधिक जगले याचा पुरेसा पुरावा नसतानाच घाई केल्याची टीका चीनवर झाली आणि ती रास्तही होती. परंतु आपल्या लोकांच्या रोगावर आपणच उपाय शोधायचा, हा निश्चय त्यात होता. भारतीय पुरुषांना सर्वाधिक छळणारा मुखाचा कर्करोग सुईच्या टप्प्यात असतो. विषाणू थेट गाठीत सोडण्याच्या पद्धतीला तो अनुकूल आहे. या रोगावर दुसरा कोणी येऊन वीस वर्षे खर्च करील, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे.

संमतीचे पावित्र्य

स्वदेशी संशोधन म्हणजे केवळ स्वस्त संशोधन नव्हे. रुग्ण हा प्रयोगाचे साधन नाही, तो समाजपुरुषाचा अवयव आहे, ही दृष्टी त्यामागे असली पाहिजे. या क्षेत्राचा इतिहास निष्कलंक नाही. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चेस्टर सदम आणि त्यांच्या सहकाऱ्याने असाध्य रुग्णांना वेस्ट नाइलसारखे विषाणू टोचले. याच सदम यांच्या प्रयोगात १९६३ साली ब्रुकलिनच्या रुग्णालयातील २२ रुग्णांना, काय टोचले जात आहे हे न सांगता, जिवंत कर्कपेशी टोचण्यात आल्या. भारतानेही अशी जखम सोसली आहे. १९९९-२००० मध्ये केरळमधील प्रादेशिक कर्करोग केंद्रात रुग्णांवर एका नव्या रसायनाची चाचणी झाली. ती आपल्या नीतिसमितीच्या मान्यतेवाचून झाल्याचे अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला २००१ साली मान्य करावे लागले.

म्हणून रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला उमजेल अशा शब्दांत सर्व सांगणे, नकार दिल्यास त्याच्या उपचारात तसूभर फरक न पडणे आणि अपयशही प्रसिद्ध करणे, ही तीन बंधने भारतीय संशोधनाने कायद्याच्या धाकाने नव्हे, तर धर्म म्हणून पाळावीत.

कार्यकर्त्यांचे काम

संघकार्याचा कर्करुग्णांशी असलेला संबंध जुना आहे. श्रीगुरुजींवर १९७० साली मुंबईच्या टाटा रुग्णालयातच कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरही त्यांनी प्रवास व कार्य चालू ठेवले. परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात गावोगावचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक आश्रय घेतात, नागपूरला डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने राष्ट्रीय कर्करोग संस्था उभारली आहे. सेवेची ही परंपरा मोठी आहे. आता तिला दुसरे अंग जोडले पाहिजे.

रुग्णाच्या उशाशी बसणारा कार्यकर्ता त्याचा विश्वास मिळवतो. तो विश्वास वापरून त्याने भोंदू उपचारांच्या जाहिरातींपासून कुटुंबाला वाचवावे, अधिकृत चाचणी कोणती आणि आशेचा बाजार कोणता यातील भेद समजावून सांगावा, संमतीपत्र वाचून दाखवावे. शाखेच्या आणि वस्तीच्या पातळीवर तंबाखूमुक्तीचे व लसीकरणाचे काम हाती घ्यावे. देवस्थाने, विश्वस्त मंडळे आणि उद्योजक यांनी रुग्णालयाच्या इमारतीवर जसे नाव कोरले, तसे एखाद्या तरुण संशोधकाच्या दहा वर्षांच्या शिष्यवृत्तीवरही कोरावे. इमारत पाच वर्षांत दिसू लागते, संशोधन दिसायला वीस वर्षे लागतात; म्हणून त्याला दाते कमी मिळतात. परदेशातून शिकून परतणाऱ्या वैज्ञानिकाला दाराशी कागदपत्रांचा डोंगर न दाखवता प्रयोगशाळेची किल्ली मिळावी, असा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरावा. तोदो परतले तेव्हा त्यांच्या देशात त्यांच्यासाठी जागा होती, हा त्या यशातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला घटक आहे.

टोकियोतील त्या १९ रुग्णांपैकी अनेकांना अखेर मृत्यूने गाठलेच. परंतु त्यांना मिळालेले अधिकचे महिने आणि त्यांच्या संमतीतून जगाला मिळालेले ज्ञान वाया गेले नाही. आज मुंबईच्या एखाद्या रुग्णालयाबाहेर पदपथावर चटई अंथरून बसलेल्या कुटुंबाला या ज्ञानाचा लाभ केव्हा आणि किती किमतीत मिळेल, हे टोकियोत किंवा न्यूयॉर्कमध्ये ठरणार असेल, तर राजकीय स्वातंत्र्य मिळूनही आरोग्याचे स्वातंत्र्य मिळायचे राहिले, असेच म्हणावे लागेल. ते मिळवण्याची वीस वर्षे केव्हातरी सुरू करावीच लागतील. ती आजच सुरू व्हावीत.